सपाटीवरचा जावई

काकूंना कुणी ‘बाहेरची’ म्हटलं, की त्या हसून दाखवायच्या आणि पुढचे दोन दिवस त्या माणसाच्या चहात साखर विसरायच्या. थोरल्या दिरांनी तर निम्मं आयुष्य बिनसाखरेचाच चहा प्यायला असेल. लग्न होऊन काकू या घरात आल्या तेव्हा त्यांची वेणी कमरेखाली रुळायची. आता ती वीतभर उरली होती, लेकीचंही लग्न झालं होतं, तरी थोरल्यांचं आपलं तेच. घरात काही ठरवायचं असलं की ते काकूंच्या डोक्यावरून पलीकडे बघत म्हणायचे, “हे घरातल्या माणसांनी ठरवायचं.” आणि काकू त्या वेळी त्यांच्याच ताटात वाढत असायच्या.

काकूंचे यजमान म्हणजे देवमाणूस. सगळे त्यांना होयबा म्हणत, आणि ‘तुम्ही होयबा आहात का हो?’ असं विचारलं असतं तर ते त्यालाही हो म्हणाले असते. थोरल्या भावाच्या शब्दापुढे त्यांनी जन्मात कधी तोंड उघडलं नव्हतं, फक्त जांभई द्यायला उघडलं असेल तेवढंच. त्यामुळे घरात भांडायचं काम काकूंकडे आलं होतं आणि ते त्या मनापासून करत.

घरामागच्या पडीक तुकड्यावर त्यांनी हिरवी जाळी बांधून रोपवाटिका काढली होती. टोमॅटो, मिरची, कोबी, वांगी. सकाळी नळी घेऊन त्या ट्रेंमधून फिरायच्या आणि रोपांशी बोलायच्या, विशेषतः थोरल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. “बघ गं मिरचे, इथून उपटून कुणी दुसरीकडे लावलं, तर तिथलीच होशील ना? का तिथले लोक तुला म्हातारी होईपर्यंत बाहेरची म्हणतील?” मिरची काही बोलायची नाही. थोरलेही खाकरायचे फक्त.

आता या घराची टोपली ही काय भानगड आहे ते सांगितल्याशिवाय पुढचं काही डोक्यात शिरायचं नाही. या लोकांचं शेत ताटासारखं सपाट. निदान कधीकाळी होतं. पण दरवर्षी सुगी संपली की घरातले पुरुष टोपल्या घेऊन शेताच्या एका टोकाला जायचे, तिथली माती भरायचे आणि दुसऱ्या टोकाला नेऊन ओतायचे. दिवसभर हेच. का? तर मूळपुरुषाने घालून दिलंय म्हणून. असं पिढ्यान्‌पिढ्या केल्यावर व्हायचं तेच झालं. एका टोकाला टेकाड उभं राहिलं, दुसरीकडे खड्डा पडला, आणि पावसाचं सगळं पाणी वाहून शेजाऱ्याच्या वावरात जाऊ लागलं. शेजाऱ्याचं पीक इतकं तरारून यायचं की तो यांना भेटला की आधी चार पावलं दुरूनच हात जोडायचा. लोक या घराला टोपलीवाले म्हणत. बाकीचे हसून म्हणत, हे छाती फुगवून म्हणत.

आणि त्या टोपलीचे नियम काय विचारू नका! टोपली डाव्याच खांद्यावर घ्यायची. माती वाहताना अवाक्षर काढायचं नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे, ज्याच्या अंगात या घरचं रक्त आहे त्यानेच टोपलीला हात लावायचा. सुनांनी नाही, जावयांनी तर मुळीच नाही. काकूंनी एकदा, नवीन असताना, ‘मी पण उचलू का?’ असं विचारलं होतं. तेव्हा थोरल्यांनी असं काही बघितलं की जणू त्यांनी तिजोरीची किल्ली मागितली.

हा मूळपुरुष कोण, कुठला, असं कुणी विचारलं की थोरल्यांची कळी खुलायची. तो म्हणे घोड्यावरून आला. त्याने या मोकळ्या माळाभोवती घोडा फिरवला आणि म्हणाला, ही माझी जमीन. घोडा कधी पांढरा असायचा, कधी काळा. पाहुणे जास्त जमले असले तर घोडे दोन व्हायचे. एका माणसाने दोन घोडे कशाला आणले, असं काकूंनी एकदा मधेच विचारलं, तर उत्तर आलं, “बाहेरच्यांना नाही कळायचं.”

सगळं असंच चाललं असतं, पण मधे जावई आला. हा खरं तर टेम्पोवाला. रोपं न्यायला यायचा. एका फेरीत कोबी न्यायचा, दुसऱ्या फेरीत मिरची, आणि मग काहीच न्यायचं नसतानाही यायला लागला तेव्हा काकूंना सगळं उमजलं. लेकीला विचारलं तर ती ट्रेमधली माती उगाच सारखी करत म्हणाली, “चांगला आहे गं तो. हॉर्न फार वाजवत नाही.” लग्न झालं. त्याच्या मागेपुढे कुणी नव्हतं, आणि लेकीला शेती सोडायची नव्हती. तेव्हा तो इथेच राहिला. पहाटे पाणी देई, दुपारी रोपं पोचवी, रात्री होयबांशी पत्ते खेळे आणि मुद्दाम हरे. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात, पण हा ग्रह भांडीसुद्धा घासायचा.

थोरल्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या इथे. रोपवाटिकेत राबतोय तोवर ते गप्प होते. पण लेकीने ‘वडलांच्या वाटणीचं शेत आम्ही दोघं कसतो’ असं म्हटल्याबरोबर त्यांनी काठी आपटली.

“या शेतात जावई राबणार? आणि टोपली कोण उचलणार, तो?”

“तुमची दोन पोरं शहरात आहेत भाऊजी,” काकू म्हणाल्या. “वर्षातून एकदा येतात, दोन टोपल्या उचलतात, चार फोटो काढतात आणि कमरेला मलम लावून परत जातात. शेत कोण बघणार?”

“रिकामं राहील, पण घरजावयाच्या हातात जायचं नाही. आपल्या घराण्यात आजवर एक तरी घरजावई झालाय का? दाखव मला एक, आणि मग बोल. एक दाखवलास तर मी स्वतः त्याच्या खांद्यावर टोपली ठेवीन.”

“ठेवाल?”

“शब्द म्हणजे शब्द.”

होयबा म्हणाले, “हो.” कुणाला म्हणाले ते कळलं नाही.

गंमत इथे संपली. कारण जावयाला एका सिमेंटच्या कारखान्यात ड्रायव्हरची नोकरी चालून आली होती. कारखाना दोन दिवसांच्या वाटेवर, लेकीनेही तिकडेच जायचं. सुगी झाली की हो का नाही ते कळवायचं होतं. सकाळी लेक टोमॅटोच्या रोपांवर नळी धरून उभी होती आणि पाणी ट्रेमधून वाहून पायावर पडत होतं तरी तिला पत्ता नव्हता. एकुलती एक लेक. ती गेली तर या घरात काकूंशी भांडायलासुद्धा कुणी धड माणूस उरणार नव्हतं. मूळपुरुषाच्या मुळाशी जायचं, असं त्यांनी त्या दिवशी ठरवलं.

आधी त्या सरकारी कचेरीत गेल्या. तिथल्या कारकुनाने जांभई देत सांगितलं की जुनी कागदपत्रं वाळवीने खाल्ली, आणि वाळवीला विचारायची सोय नाही. मग काकूंनी युक्ती काढली. रोपं पोचवायला जावई लांबलांब जायचाच, त्या टेम्पोत पुढच्या सीटवर बसून जाऊ लागल्या. गिऱ्हाईकांकडे ट्रे उतरवायचे आणि सहज विचारल्यासारखं विचारायचं, “काय हो, इकडे कुणी सपाट शेतात माती वाहतात का?” लोक आधी त्यांच्याकडे बघत, मग जावयाकडे बघत. तो बिचारा कपाळ पुसत बसायचा.

देव पावला तो नदीकाठच्या एका छोट्या शहरात. चहाच्या टपरीसमोर मैदान होतं. पोरं चेंडू लाथाडत होती आणि एका गोलकडे चेंडू गेला की आपोआप परत घरंगळत यायचा. काकूंनी चहाचा ग्लास खाली ठेवला. मैदानाच्या त्या टोकाला टेकाड होतं. अगदी घरच्यासारखं.

“हे टेकाड कसलं हो?”

“ते होय? टोपलीवाल्यांचं,” चहावाला म्हणाला. “फार जुनी गोष्ट. माझे वडील सांगायचे. इथे एक घर होतं शेतकऱ्याचं. सपाट रानात माती वाहायचे येडे. पुढे नदीने वाट बदलली, विहिरी आटल्या, मग बिऱ्हाड उचलून खाली गेले कुठेतरी. पोरं अजून शिव्या घालतात त्यांना. खालच्या बाजूचा संघ कायम हरतो ना!”

काकूंना हसू आवरेना. “आणि ते इथलेच होते का हो मूळचे?”

“छे, बायको इथली. नवरा वरून आलेला, डोंगरातून.”

‘नवरा वरून आलेला’ हे ऐकून काकूंनी जावयाकडे बघितलं आणि जावयाने काकूंकडे. परत जायची वेळ झाली होती, पण टेम्पोचं तोंड डोंगराकडे वळलं. ट्रेमधली वांगी त्या दिवशी गिऱ्हाइकाला मिळाली नाहीत, ती डोंगर बघून आली.

वर शेतं कसली, भिंतीच त्या. एवढा उतार की शेतात बसलेला माणूस उभा आहे असं वाटावं. पाऊस पडला की माती खाली येणार हे उघड होतं. आणि तिथे एक तरणाताठा गडी टोपलीत माती भरून वर चढत होता. डाव्या खांद्यावर टोपली, कारण उजव्या हाताने झुडपं धरल्याशिवाय चढताच येत नव्हतं. तोंडाने अक्षर नाही, कारण श्वासच उरत नव्हता. आणि घरचे बाकी सगळे? ते बांधावर बसून चहा पीत होते आणि त्याला ‘जरा इकडे ओत’, ‘तिकडे नको’ असं सांगत होते.

बांधावरच्या म्हातारीजवळ जाऊन काकू टेकल्या. “आजी, तो एकटाच का राबतोय?”

“जावई आहे आमचा. मग, राबायला नको?”

“आणि ही बाकीची पोरं?”

“ती आमची,” म्हातारी म्हणाली, जणू यात विचारायचं काय. आपला तो बाब्या! “पोरगा टोपली कशाला उचलेल? घरात राहायला आलेल्या जावयाने उचलायची. मातीला ओळख पटते, आणि सासूलाही कळतं की गडी टिकतोय का पळतोय. घरच्या पोराने टोपली उचललेली दिसली तर लोक विचारतात, काय रे, तुला घरातून काढलं का काय?”

टेम्पोजवळ उभ्या जावयाने हे ऐकलं आणि तो चाकाशी जाऊन खाली बसला. हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

काकूंनी मग सगळं सांगितलं. सपाट शेत, टेकाड, नियम, थोरले, घोडा. म्हातारीने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि एकदम मांडीवर थाप मारून ओरडली, “अगो बाई! म्हणजे सपाटीवरचा जावई तुमचा का!”

बांधावर एकच खसखस पिकली. तिथे म्हणे ही म्हणच पडली होती. कुणी उगाच राबत असला, पावसात झाडांना पाणी घालत असला, तर त्याला म्हणायचे, ‘सपाटीवरचा जावई आहेस का?’ माणूस खराच होता. म्हातारीच्या पणजीचा सख्खा भाऊ. खालच्या मुलीशी लग्न झालं, तिला भाऊ नव्हता, म्हणून हा तिच्या घरी राहायला गेला. तिथे सुगी झाली आणि हा उठला, टोपली भरली, चालायला लागला. सासऱ्याने विचारलं, काय करतोस? हा बोलेना, कारण टोपली खांद्यावर असताना सासरच्यांना उलट बोलायचं नाही अशी वरची रीत. सासरा म्हणाला, जाऊ दे, कामाचा आहे, डोक्याने थोडा कमी असेल. पुढे त्याला पोरं झाली. बाप करतो म्हणून पोरं करू लागली.

“घोड्यावरून गेला होता का हो?” काकूंनी विचारलं.

“घोडा? त्याच्या पायात धड चपला नव्हत्या. भावाकडून मागून घेतल्या होत्या जाताना. परत कुठे दिल्या!”

काकू उठल्या तेव्हा म्हातारीही उठली. “मी येते तुमच्याकडे. एवढी वर्षं हसतोय त्या जावयावर, एकदा तुमचं टेकाड बघून तरी घेते,” म्हणाली. टेम्पोत वांग्यांच्या ट्रेंमधे तिला जागा केली. वाटेत काकूंनी दहा वेळा मनातल्या मनात तो प्रसंग रंगवला. थोरले कसे बघतील, कसे गप्प होतील. आयुष्यभराचा ‘बाहेरची’ आता व्याजासकट परत करायचा. घरी मात्र त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. पाहुण्या आजी आहेत, टोपली बघायला आल्यात, एवढंच सांगितलं. थोरले खूश झाले. आजींना त्यांनी घोडा सांगितला. त्या दिवशी तो पांढरा होता.

दुसऱ्याच दिवशी टोपलीचा दिवस. शहरातून दोन्ही पोरं आली होती, शेजारीपाजारी बांधावर जमले होते. थोरल्यांनी पहिली टोपली भरली, डाव्या खांद्यावर घेतली आणि निघाले. मान ताठ, ओठ मिटलेले. गुडघा दर पावलाला थरथरत होता, पण चेहऱ्यावर मूळपुरुषाचं तेज. टेकाडाशी आले आणि म्हातारीने बसल्या जागेवरून खणखणीत विचारलं, “काय हो, तुम्ही कुणाचे जावई?”

थोरले बोलले नाहीत. बोलायचं नव्हतं ना.

“अहो, एवढ्या वयात सासरा अजून राबवतो? सोडचिठ्ठी घ्या की!” आणि मग तिने चमचाभर मीठमसाला जास्त घालूनच सगळी गोष्ट सगळ्यांना सांगितली. टोपली कुणाची असते, मूळपुरुष कुठून आला, कशासाठी आला, आणि चपला कुणाच्या होत्या. बांधावरची माणसं पोट धरून हसू लागली. शेजारी तर बसलाच खाली. थोरल्यांच्या पोरांनी फोटो काढायचं थांबवलं.

थोरले तसेच उभे होते, खांद्यावर टोपली घेऊन. खाली ठेवावी तर हरल्यासारखं आणि ओतावी तर येड्यासारखं. त्यांनी काकूंकडे बघितलं. डोक्यावरून पलीकडे नाही, काकूंकडे.

एवढा मनात घोळवलेला प्रसंग, पण काकूंना काही तो गोड लागेना. हसणं तोंडातच राहिलं. हा माणूस उभ्या आयुष्यात एवढा एकटा कधी दिसला नव्हता. आपल्याला पहिल्या दिवशी या घरात असंच वाटलं होतं, हे त्यांना आठवलं. त्या पुढे गेल्या आणि त्यांनी थोरल्यांच्या खांद्यावरची टोपली उतरवली. सुनेचा हात टोपलीला लागला.

“बसा भाऊजी.”

थोरले टेकाडावर बसले. माती चिवडत राहिले. “धाकटे, दरवर्षी वाटायचं, बास आता. गुडघे गेलेत गं माझे. पण हे सोडलं तर आपल्यात आणि बाकीच्यांत फरक काय राहिला? मग मी तरी कोण?”

“तुम्ही? माझ्यासारखेच,” काकू म्हणाल्या. “सासरी आलेले. आपण सगळेच सासरी आलोय भाऊजी. कुणी आधी, कुणी नंतर.”

थोरल्यांनी एकदा टेकाडाकडे बघितलं, एकदा खालच्या खड्ड्याकडे, आणि मग जावयाला हाक मारली. तो बिचकत आला. थोरले उठले, कण्हले, आणि दिलेल्या शब्दाप्रमाणे भरलेली टोपली त्यांनी आपल्या हाताने त्याच्या खांद्यावर ठेवली.

“कुठे नेऊ?” जावयाने विचारलं.

“खाली ने, गाढवा. वर नेऊन नेऊन तर ही पाळी आली. आणि त्या सिमेंटवाल्याला कळव, आमचा माणूस रिकामा नाही म्हणून.”

होयबा म्हणाले, “नाही.” सगळ्यांनी वळून बघितलं. “म्हणजे, रिकामा नाही,” ते म्हणाले. लेकीने तिथेच डोळ्यांना पदर लावला आणि हसायला लागली.

संध्याकाळी म्हातारीला पोचवायला टेम्पो काढला, तेव्हा थोरले स्वच्छ सदरा घालून पुढच्या सीटशी उभे.

“तुम्ही कुठे निघालात?” काकूंनी विचारलं.

“आजींबरोबर जातो जरा वर. दोन दिवस राहीन म्हणतो. आता एवढं कळल्यावर एकदा बघून यायला नको का आपलं... ते...” थोरले अडले. गाव म्हणावं तर गाव हे होतं. घर म्हणावं तर घर हे. त्यांना शब्दच सापडेना.

“माहेर,” काकू म्हणाल्या. “माहेर म्हणतात त्याला, भाऊजी.”

“हां, तेच,” थोरले म्हणाले.